घाटावर उभा केलेला रीफ टँक

रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी, माझी पहिली खरेदी पांढऱ्या सिमेंटची होती. काच, दिवे, पंप हे सगळं त्यानंतर आलं.

रीफ टँकला दगड लागतो. भोकाभोकांचा, आतून पोकळ्या असलेला. त्या पोकळ्यांत जिवाणू राहतात, तेच पाणी साफ ठेवतात, आणि वरच्या अंगावर प्रवाळ बसतात. जगभर यासाठी समुद्रातून काढलेले जुन्या प्रवाळांचे सांगाडे वापरत आले आहेत. मला ते घ्यायचे नव्हते, आणि आपल्याकडे घेताही येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. जिवंत असो की वाळलेला, तुकडा तो तुकडाच. तरीही ‘डेड कोरल’ म्हणून टोपलीत मांडलेले तुकडे मी विकायला ठेवलेले पाहिले आहेत, आणि दरवेळी पोटात तुटतं. माझं माहेर मालवणकडचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात, १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात, हे प्रवाळ जिवंत आहेत. होडीचा नांगर पडून फुटलेली वसाहत एकदा डोळ्यांनी पाहिली की टोपलीतल्या तुकड्याची किंमत विचारवत नाही.

म्हणून टँकचा आराखडा कागदावर काढण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकली: कठीण प्रवाळ नाहीत, त्यांचे सांगाडे नाहीत, ‘कोरल सँड’ म्हणजे प्रवाळांच्या चुऱ्याची वाळू नाही. दगडी सांगाडा नसलेले मृदू प्रवाळ आणि त्यांच्यासारखेच मऊ अंगाचे झोअँथिड आणि मशरूम हे या यादीत येत नाहीत, आणि एकाच्या टँकमधून कापून दुसऱ्याच्या टँकमध्ये वाढवता येतात. त्यांची मूळ वसाहत कधीतरी समुद्रातूनच आली असणार, पण आता ती कितीतरी पिढ्या काचेत कापली आणि वाढवली गेली आहे. पुढचं सगळं या एका निर्णयातून आलं. दिवे किती प्रखर हवेत, पाण्यात काय घालायचं, पैसे कुठे वाचतील आणि वेळ कुठे जाईल, सगळंच.

दगड घरी केले. एक भाग पांढरं सिमेंट, साधं, पुट्टीचं नव्हे, कारण पुट्टीत चिकटपणासाठी इतर रसायनं असतात. तीन भाग शिंपल्यांचा चुरा, दोन भाग जाडं मीठ. शिंपल्या माहेरून आल्या. तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या कवच्या आईने उकळून, उन्हात खडखडीत वाळवून पिशवीत भरून पाठवल्या. फोनवर म्हणाली, “अगो, माणसां गावाक इली की काजी नेतत, तू शिंपल्यो नेतंस!” तिला मी टँकचं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, भरती-ओहोटी कशी करणार? प्रश्न बरोबर होता, त्यावर पुढे येते.

मिश्रण कोरडंच ठेवायचं, मुठीत दाबलं की गोळा व्हावा इतकंच पाणी. ओल्या वाळूच्या टबात खड्डे करून त्यात ते भरलं, मध्ये बोटांनी बोगदे पाडले, कमानी केल्या. मीठ नंतर पाण्यात विरघळून जातं आणि दगडात भोकं राहतात. मग खरी कसोटी सुरू होते, ती धीराची. ताज्या सिमेंटमधून चुना उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत चढतो. त्यात काहीही जगत नाही. बाल्कनीत मोठ्या टबात दगड बुडवून ठेवायचे, पाणी बदलत राहायचं, मधून मधून पीएच तपासायचा. बदललेलं पाणी तसंच ठेवून पीएच ८.३ च्या आसपास टिकू लागला की दगड तयार. याला कित्येक आठवडे लागतात आणि इथे घाई करून काहीच साधत नाही. त्या काळात मी टँकची जागा, वजन आणि विजेची सोय पाहून घेतली.

टँक दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच. आत पाणी नव्वद लिटरांच्या आसपास. समुद्राचं पाणी लिटरला एक किलोहून थोडं जास्त भरतं. काच, दगड आणि स्टँड धरून दीडशे किलोंच्या वर वजन जातं, म्हणून तो भिंतीला लागून, खाली तुळई असलेल्या बाजूला ठेवला. गवंडी वापरतात ती पाणसळ लावून स्टँड आधी चारही बाजूंनी सपाट केला. सगळ्या तारांना प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं खारं पाणी झोळातून जमिनीवर ठिबकतं, बोर्डात शिरत नाही. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळून मिठाची पांढरी किनार सगळीकडे धरते. कपाटाच्या बिजागऱ्यांवरसुद्धा. ओलं फडकं रोजचं.

आता पाणी. पुण्यात नळाचं पाणी मऊ असतं, पण आमच्या भागात मार्चनंतर टँकर येतात, आणि बोअरचं पाणी मिसळलं की टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा एकदम वर उडी मारतो. स्वयंपाकघरातल्या आरओमधून येणारं पाणी पिण्याला उत्तम, रीफला नाही. आरओनंतर डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांची, नळी लावून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. यात एक बारकी गोष्ट आहे जी मीटर सांगत नाही. पाण्यातली सिलिका रेझिनला अगदी सैल धरून असते. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी तीच सुटते, आणि मीटरवर ती जवळपास दिसतच नाही. काचेवर तपकिरी भुकटीचा थर येतो, तो डायटम या सूक्ष्म शैवालाचा, आणि डायटमचं कवच सिलिकाचं असतं. टँकरच्या दिवसांत मी रेझिन ठरल्या वेळेआधीच बदलते.

मीठ सिंथेटिक, खास रीफसाठी बनवलेलं. स्वयंपाकाचं मीठ का नाही, हे मला घरी येणारे नेहमी विचारतात. त्यात सोडियम क्लोराइड आणि आयोडीन सोडलं तर फारसं काही नसतं. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट आणि अजून बरंच काही ठरलेल्या प्रमाणात आहे. लिटरला सुमारे ३६ ते ३८ ग्रॅम मीठ घातलं की क्षारता हजारी ३५ होते, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन खाली बसतो. रात्रभर छोट्या पंपाने ढवळून सकाळी रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजायच्या यंत्राने पाहायचं. हे यंत्र ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावं. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवलं म्हणून ३५ वर ते खरं बोलेलच असं नाही.

टँक भरला, दगड रचले, पंप सुरू झाले, आणि मग मासे न घालता तो तसाच चालवला. याला ‘टँक सायकल करणं’ म्हणतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. हे जिवाणू आधी दगडात वसले पाहिजेत. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यातल्यापेक्षा कित्येक पटीने जास्त असतो, म्हणून मासा घालून सायकल करणं मला क्रूर वाटतं. मी अमोनियम क्लोराइड वापरलं. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तो नवसागर म्हणजे हेच, पण मी प्रयोगशाळेच्या दर्जाचं घेतलं, कारण कल्हईच्या नवसागरात आणखी काय असेल त्याचा भरवसा नाही. नव्वद लिटरांत अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त घातलं की अमोनिया सुमारे दोन पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग, होतो. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, तोही उतरतो, नायट्रेट दिसू लागतो. शेवटी दोन पीपीएम अमोनिया घालून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टँक मासे घ्यायला तयार झाला असं धरायचं.

आईचा भरती-ओहोटीचा प्रश्न: पाण्याची हालचाल वेव्हमेकर, म्हणजे टँकच्या आत पाणी ढकलणारा छोटा पंप, करतो. माझा डीसी आहे, जेमतेम दहा वॅटचा, आणि तो मी इन्व्हर्टरवर घेतला आहे. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, आणि मे महिन्यात वळीव आला की हमखास जाते. दिवे तासन्‌तास बंद राहिले तर काही बिघडत नाही. पाणी थांबलं तर मात्र काही तासांत ऑक्सिजन खाली जातो, आणि उन्हाळ्यात आणखी लवकर, कारण गरम पाण्यात तो मुळात कमी विरघळतो. कुणाला टँक सुरू करायचा असेल तर मी आधी हेच सांगते: दिव्याचं बजेट थोडं कमी कर, पण पाणी हलतं ठेवणारी एक तरी गोष्ट बॅटरीवर असू दे.

उन्हाळा हा आपल्याकडच्या रीफचा मोठा प्रश्न. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्या अन्नाचा मोठा भाग तेच पुरवतं. पाणी जास्त काळ तापलं की ही सोबत तुटते, शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपला आणि मन्नारच्या आखातात १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणावर झालं. माझा टँक मी एरवी २५-२६ अंशांवर ठेवते. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ३८-४० ला जातो, खोली ३२-३३ वर असते, आणि चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, महाग, शिवाय तो स्वतःची गरम हवा खोलीतच सोडतो. इथे पुण्याची कोरडी हवा कामाला येते. पाण्याच्या पृष्ठभागावर बारा व्होल्टचे दोन छोटे पंखे तिरके लावले आणि ते थर्मोस्टॅटला जोडले. माठात पाणी गार होतं तसं बाष्पीभवनाने टँकचं पाणी उतरतं. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जितकी उष्णता नेतं, तितक्यात नव्वद लिटरांचं तापमान सहा अंशांहून जास्त उतरू शकतं. बाहेरची उष्णता सतत आत येत असते म्हणून प्रत्यक्षात तेवढं होत नाही, पण २६-२७ वर टँक धरून ठेवायला हे पुरतं. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हाच पंखा फार साथ देत नाही. तिकडे राहणाऱ्याने चिलरचा खर्च आधीच धरावा. पावसाळ्यात इथेही हवा ओली होते, पण तेव्हा खोलीच थंड असते. थंडीच्या रात्रींसाठी शंभर वॅटचा हीटर आहे.

पंख्याची दुसरी बाजू अशी की एप्रिल-मेमध्ये रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. नव्वद लिटरांत तीन लिटर म्हणजे एका दिवसात क्षारता हजारी ३५ वरून ३६ च्या पुढे. म्हणून टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भरपाई, नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याने, आणि दिवसभरात थोडं थोडं. सेन्सरवर चालणारा छोटा पंप ते करतो. या पाण्याच्या साठ्याला माझ्याकडे प्लास्टिकचा डबा आहे. घरातल्या कुणीही प्रेमाने तांब्याच्या कळशीतलं पाणी टँकमध्ये ओतू नये, ही सूचना मी डब्यावर चिकटवली आहे. तांबं माशांना एक वेळ सोसतं, कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना अगदी थोडंही नाही.

तांब्यासारखीच दुसरी गोष्ट म्हणजे डासांचं औषध. प्लगमध्ये लावतो त्या लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड ही कीटकनाशकं असतात आणि ती कोळंबीला मारक आहेत. टँकच्या खोलीत आता मच्छरदाणी आहे. सोसायटीत पेस्ट कंट्रोलची नोटीस लागली की त्या दिवशी खोली बंद, दाराखाली ओलं फडकं, आणि हवेचा पंप गॅलरीच्या बाजूची हवा ओढेल असा ठेवते.

पहिले मासे क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत जन्मलेली. हे आता आपल्याकडे जमू लागलं आहे याचा मला फार आनंद आहे. केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं, आणि महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. हॅचरीतला मासा घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून दाणे खातो. आधी त्यांना वेगळ्या छोट्या टँकमध्ये काही आठवडे ठेवलं. खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं आणि ते रीफमध्ये घालता येत नाही, त्यामुळे रोग बाहेरच अडवावा लागतो. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात. जोडीतला वरचढ मासा मादी होतो. माझ्याकडे दोघंही आले तेव्हा एकाच आकाराचे होते, आता मादी ठळक मोठी आहे आणि नर तिच्यापुढे अंग थरथरवून नमतं घेतो. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही. त्यांनी टोडस्टूल नावाच्या लेदर कोरलच्या, म्हणजे एका मृदू प्रवाळाच्या, छत्रीखाली घर केलं आहे.

कोळंबी मात्र समुद्रातून पकडलेलीच मिळाली, हॅचरीतली हवी होती. तिने पहिल्यांदा कात टाकली त्या सकाळी सासूबाईंनी मला उठवलं, “अगं, तुझी कोळंबी गेली बघ.” दगडाशेजारी मिशांसकट अख्खं कवच पडलं होतं, हुबेहूब. खरी कोळंबी मागच्या कमानीत लपून होती, नवं कवच कडक व्हायची वाट पाहत. तेव्हापासून सासूबाई रोज तिची हजेरी घेतात, आणि टँकमधला कुठलाही बदल माझ्याआधी त्यांच्या लक्षात येतो.

प्रवाळ एका ओळखीच्या टँकमधून तुकड्या-तुकड्यांनी आले. लेदर कोरल ब्लेडने कापता येतो, पण कापलेल्या जागी तो चिकट द्रव सोडतो. अशा वेळी तो शोषून घ्यायला कार्बनची पिशवी टँकमध्ये हवी. गोंदाने तो टिकत नाही, म्हणून दगडावर ठेवून सैल रबरबँडने धरायचा, आठवड्या-दोन आठवड्यांत स्वतःच पाय रोवतो. मशरूमचा तुकडा तर गोंदालाच काय, रबरालाही दाद देत नाही. त्याला दगडाच्या बारीक खड्यांसह कपात ठेवून वर जाळी बांधायची. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा सक्तीचे. काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. असा दगड गरम पाण्याने धुऊ नये, उकळू तर नयेच, कारण वाफेतून ते फुप्फुसात जातं. घरात लहान मूल असेल तर मी झोअँथिड देत नाही.

लेदर कोरल अधूनमधून मिटतो. छत्री आक्रसते, अंगावर मेणचट पापुद्रा येतो, आठवडाभर तो मेल्यासारखा दिसतो. मग पापुद्रा सुटून वाहून जातो आणि खालून नवी, टवटवीत छत्री उघडते. या दिवसांत पाण्याचे आकडे ठीक असतील तर त्याला हात लावू नये, फक्त पाण्याचा झोत त्याच्याकडे थोडा वाढवावा.

आकडे म्हणजे कुठले? अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातले बायकार्बोनेट आणि कार्बोनेट, ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास. कठीण प्रवाळ असते तर ते सांगाडा बांधायला यातलं रोज ओढून घेतात आणि रोज भरावं लागतं. मृदू प्रवाळांची गरज कमी, त्यामुळे दर रविवारी दहा टक्के पाणी बदललं की हे तिन्ही जागेवर राहतात. नायट्रेट मी पाच-दहा पीपीएमच्या दरम्यान ठेवते आणि फॉस्फेट थोडा तरी दिसेल असा. दोन्ही अगदी शून्यावर आणण्याची हौस रीफवाल्यांत फार आहे. मला ती पटत नाही. समुद्रात पाणी स्वच्छ असलं तरी प्रवाळावरून अखंड प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाहत असतं. काचेत तो पुरवठा नाही, आणि पाण्यात पोषण उरलं नाही की डायनोफ्लॅजेलेट नावाचं बुडबुडे धरलेलं तपकिरी बुळबुळीत आवरण सगळ्यावर चढतं. ते काढणं शेवाळ काढण्यापेक्षा कितीतरी कठीण.

शेवाळाचेही आपले दिवस असतात. सुरुवातीला डायटम, मग हिरवे केस, मग हळूहळू दगडांवर जांभळे ठिपके. ही कोरलाइन शैवालं, गोगलगायींच्या पाठीवरून आलेली. आता माझ्या सिमेंटच्या दगडांचा पांढरा रंग कुठेच दिसत नाही, आणि मागची काच निम्म्याहून जास्त जांभळी आहे. ती मी खरवडत नाही.

सगळ्यात अवघड आठवडा गणपतीचा. आम्ही पाच दिवस गावाला जातो. पंखे, हीटर, टॉप-अप आपापलं चालतात, पण खाणं कुणीतरी घालावं लागतं, आणि शेजारच्या काकूंचा हात सढळ आहे. म्हणून औषधाच्या गोळ्यांची वारांचे खण असलेली डबी आणली. प्रत्येक खणात एका दिवसाचे मोजके दाणे. काकूंनी एवढंच करायचं: त्या दिवसाचा खण उघडून ओतायचा, आणि पंप चालू असल्याचा एक व्हिडिओ पाठवायचा. विजेचा रोजचा खर्च साधारण सव्वा ते दीड युनिट. थंडीत हीटरमुळे थोडा वाढतो.

टोडस्टूलची छत्री आता इतकी पसरली आहे की खालच्या मशरूमना उजेड मिळेनासा झाला आहे, त्यामुळे पाऊस ओसरला की ती छाटायची आहे. चार-पाच तुकडे निघतील. ज्यांनी मागितले आहेत त्यांना मी सांगून ठेवलं आहे, तीन आठवड्यांचे क्षारता, तापमान आणि अल्कलिनिटीचे आकडे लिहून आणा, दगड कुठला आहे ते सांगा. पैसे नकोत. येताना झाकणाचा डबा आणि थर्माकोलची पेटी तेवढी आणा.